कालाब्रियाचा किनारा: राफ्टिंग, गुहा, डोंगर. गाइड घ्यावा की आपापलं फिरावं?

अबोली:

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इटलीत नऊ दिवस मोकळे आहेत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आधी झालंय. अमाल्फीचा किनारा पाहावा असं डोक्यात होतं, पण तिथल्या गर्दीचे फोटो बघून नवरा म्हणाला, "रांगेतच उभं राहायचं तर विमानाचं तिकीट कशाला?" मग नकाशा खाली सरकवत सरकवत बुटाच्या चवड्यापर्यंत आलो. कालाब्रिया!

मंडळी अशी: मी (वय ४६, डावा गुडघा कुरकुरतो), नवरा (पोहता येत नाही, पण कबूल करत नाही), लेक (वय १५, हिला फक्त "थ्रिल" हवं), आणि साबा (म्हणजे सासूबाई, वय ७१, शुद्ध शाकाहारी, चालायला आम्हा सगळ्यांपेक्षा बऱ्या).

लेकीने लाओ नदीत राफ्टिंग शोधून ठेवलंय. मला समुद्रातल्या गुहा आणि जमलं तर एक दिवस डोंगर हवा आहे. प्रश्न असे:

राफ्टिंग, कयाक, डोंगर यांतलं काय गाइडशिवाय जमेल? की सगळ्यालाच टूर घ्यायची? टूर म्हटलं की झेंडा धरून पुढे चालणारी बाई डोळ्यांसमोर येते आणि माझा उत्साह मावळतो.

मुक्काम एकाच ठिकाणी करावा का? आणि साबांच्या जेवणाचं काय? तिकडे सगळ्यात डुक्कर घालतात असं ऐकलंय.

दर्यावर्दी:

अहो, गाइड वगैरे काही लागत नाही. इटलीत ४० हॉर्सपॉवरपर्यंतची बोट परवान्याशिवाय भाड्याने मिळते. वय १८ पूर्ण पाहिजे, बस. सकाळी बोट घ्यायची, गुहा आपल्या आपण बघायच्या, मनाला येईल तिथे नांगर टाकायचा. आम्ही चौघं मित्र असेच फिरलो, सगळ्या ट्रिपमधला तोच दिवस लक्षात राहिलाय. टूरवाले पंधरा मिनिटांत गुहा "उरकतात".

आणि अमाल्फी इतकंही वाईट नाही हो. पण ते असो.

पायवाट:

अबोली, अगदी योग्य ठिकाणी थांबलात. मी, बायको आणि भाचा असे तिघं सप्टेंबरातच गेलो होतो. मी ६२ वर्षांचा, निवृत्त, कुरकुरणारे गुडघे दोन. तेव्हा तुमच्यापेक्षा एकाने पुढेच आहे.

आधी मुक्कामाचं. कालाब्रिया लांबलचक आहे. नऊ दिवसांत सगळं गाठायला गेलात तर गाडीची काचच बघत बसाल. उत्तरेकडचा पट्टा धरा: प्राया आ मारे, सान निकोला आर्चेल्ला, स्कालेया, दियामांते. ह्या किनाऱ्याला रिव्हिएरा देई चेद्री म्हणतात. समोर समुद्र आणि पाठीशी पोल्लीनोचे डोंगर, राफ्टिंगचं लाइनो बोर्गो गाडीने तासाभरावर. सहा रात्री इथे काढा, उरलेल्या तीन दक्षिणेला. गाडी हवीच. बस आहेत, पण रविवारी त्या कुठे जातात ते कुणालाच माहीत नसतं. साळेर्नोहून रेज्जोपर्यंत जाणाऱ्या ए-२ महामार्गाला टोल नाही, तेवढीच बचत.

आता तुमचा खरा प्रश्न. गाइड वाट दाखवायला लागतो अशी माझीही समजूत होती. नदीत कसली आलीय वाट, ती तर एकाच दिशेला जाते. तर आमची हकिकत ऐका.

आमचं राफ्टिंग मंगळवारचं ठरलेलं. प्रायात सकाळी लख्ख ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. लाइनो बोर्गोला पोचलो. गाइड म्हणजे पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. आम्ही त्या रबरी सुटात स्वतःला कोंबत होतो तेव्हा तो काठावर एकटाच उभा राहून पाण्याकडे बघत होता. परत आला आणि म्हणाला, आज नाही. भाच्याचा चेहरा पडला. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, का? ऊन तर पडलंय! त्याने मला काठावर नेलं. पाण्यात एक खडक होता, माणसाच्या पाठीसारखा. त्याने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग खडकाकडे बोट केलं. खडकाचा खांदा बुडाला होता. पाणी चहाच्या रंगाचं, वर काटक्या आणि हिरवी पानं वाहत होती. हिरवी, वाळलेली नव्हे. म्हणजे वर डोंगरात रात्री जोरात पाऊस झालाय आणि पाणी अजून चढतंय. पैसे परत हवे की उद्या याल, एवढंच त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. खडकाचा खांदा वर आला होता.

मग काय सांगू! हेल्मेट घातल्यावर त्याने माझ्या जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना दोन्ही हातांनी धरून मला मांजरीच्या पिल्लासारखं वर ओढलं. जॅकेट हनुवटीपर्यंत आलं. मान हलवली, पट्टे पुन्हा आवळले, पुन्हा ओढलं. प्रत्येकाला असंच केलं. मग तालीम: "अवांती" म्हणजे पुढे वल्हवा, "इंद्येत्रो" म्हणजे मागे. पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, उभं राहायला जायचं नाही. कारण पाय दगडांत अडकला तर पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. हे त्याने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा माझ्याकडे बघून सांगितलं.

पापासिदेरोच्या दिशेने नदी घळीत शिरते तशी दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येतात. आवाज बदलतो. मागचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही, पण भिंतीवरून ठिबकणारं पाणी ऐकू येतं. लाइनोजवळ महामार्गाचा इटालिया पूल ही दरी ओलांडतो. अडीचशे मीटरहून उंच आहे. खालून वर बघितलं की ट्रक काडेपेटीएवढे. बायको सबंध वेळ डोळे मिटून वल्हवत होती आणि घरी आल्यावर सगळ्यात जास्त वर्णन तीच करते.

सप्टेंबरात पाणी एरवी बेताचं असतं. बर्फ वितळल्यावरचा वसंतातला जोर नसतो. तुमच्या लेकीला कदाचित कमी वाटेल, तुम्हाला पुरून उरेल. आम्ही माणशी ५० युरोंच्या आसपास दिले, सूट-हेल्मेट त्यातच. पंधरा वर्षांची मुलगी चालते, पण बुकिंग करतानाच वय सांगा. आणि नवऱ्याला पोहता येत नाही हे गाइडला सांगाच. त्यांनी नाही सांगितलं तर तुम्ही सांगा. लाजेने भिजलेलं बरं.

तेव्हा नदीला गाइड हवाच. कयाकचं वेगळं. सान निकोला आर्चेल्लाच्या किनाऱ्यावरून आर्को मान्योपर्यंत वल्हवत जाता येतं. खडकाची मोठी कमान आहे, समुद्र तिच्याखालून आत येतो आणि आत एवढीशी पुळण. पायवाटही आहे, पण दरड पडण्याच्या भीतीने ती अधूनमधून बंद करतात, म्हणून आदल्या दिवशी गावात चौकशी करा. समुद्र शांत असेल, सोबत कुणी सराईत असेल तर कयाक आपापली घ्या. साबांना मात्र बोटीने न्या, इझोला दि दीनोला. प्रायासमोरचं बेट ते. तिथल्या निळ्या गुहेत बोट आत जाते आणि बोलणारी माणसं आपोआप गप्प होतात. सिंहाची गुहा म्हणून दुसरी आहे, तिच्यातल्या खडकात बसलेला सिंह दिसतो. मला आधी म्हैस दिसली, मग नावेवाल्याने सांगितल्यावर सिंह.

बोटीचा एक कडू अनुभव सांगून ठेवतो. किनाऱ्यावर एकाने रोख पैसे घेऊन "पाच गुहा" कबूल केल्या. बाहेर लाटा होत्या, एकाही गुहेत शिरता आलं नाही. त्यात त्याची चूक नव्हती. पण लाटा आहेत हे निघायच्या आधी दिसत होतंच की! पैसे परत मागितले तर खांदे उडवले. तेव्हा आधीच विचारा: गुहेत शिरता आलं नाही तर काय? ज्याच्याकडे उत्तर तयार असेल त्याच्या बोटीत बसा.

दर्यावर्दी, तुमची बोट खरी, नियमही खरा. पण तुम्ही चौघं मित्र होतात. इथे एक न पोहणारे गृहस्थ आहेत आणि गुहेच्या तोंडाशी लाट बोटीला उचलून छताकडे नेते तेव्हा हॉर्सपॉवर कितीही असली तरी कामाची नाही.

डोंगराचं उद्या लिहितो. बोटं दुखली.

अळूवडी:

साबांच्या जेवणाची काळजी मिटवायला आले आहे. मी जन्मजात शाकाहारी आणि कालाब्रियात दहा दिवस मजेत जगले.

शत्रूचं नाव लक्षात ठेवा: ंदुया. डुकराची मऊ, लालभडक, पसरता येणारी सॉसेज. ती पास्त्याच्या रश्शात विरघळून जाते, त्यामुळे दिसत नाही. "सेंझा ंदुया, सेंझा कार्ने, सेंझा पेशे" हे घोकून ठेवा. नुसतं "व्हेजितारियाना" म्हटलंत तर मासा आणून देतात.

मागवायचं काय? लागाने ए चेची, म्हणजे रुंद पट्ट्यांचा पास्ता आणि छोले. साबांना घरचं वाटेल. वांग्याचे प्रकार. त्रोपेयाचा लाल कांदा, इतका गोड की नुसता खावा. डोंगराकडे पेपेरोनी क्रुस्की मिळतात, वाळवून तळलेल्या गोड लाल मिरच्या, पापडासारख्या कुरकुरीत. दियामांतेला तर सप्टेंबरात मिरचीचा उत्सवच असतो, १९९२ पासून. तुम्ही शेवटच्या आठवड्यात जाताय म्हणजे तो बहुधा हुकेल, पण गल्लीबोळातली भित्तिचित्रं कुठे जात नाहीत. ती १९८१ पासून रंगवतायत. साबांबरोबर आरामात चालायला उत्तम, आणि ह्याला गाइड नको.

आणि आता माझी आवडती गोष्ट. ह्या किनाऱ्याच्या नावातलं "चेद्रो" म्हणजे काय माहितेय? महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ना, तेच फळ. सांता मारिया देल चेद्रोच्या आसपास त्याच्या बागा आहेत. बुटकी, काटेरी झाडं, वरून जाळ्या. सुक्कोत सणासाठी ज्यूंना निर्दोष महाळुंग लागतं, म्हणून दर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, दूरदूरचे रब्बी इथे येतात आणि झाडाखाली अक्षरशः गुडघे टेकून एकेक फळ तपासून निवडतात. मी बाग बघितली तेव्हा मालकाने काटे कसे चुकवायचे ते दाखवलं, आणि तरी माझी ओढणी अडकलीच. गावात महाळुंगाचं संग्रहालय आहे. साबांना नक्की न्या. पाकातली साल विकत घ्या, पण बॅगेत नीट बांधा. माझी फुटली. त्या ट्रिपचे सगळे कपडे अजून गोड आहेत.

अबोली:

अय्या, महाळुंग! साबांना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "मग तिथेच आधी जाऊ, नदी पळून जात नाही." लेकीचं तोंड बघण्यासारखं झालं.

पायवाट, नवऱ्याला तुमचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणतो, "मला पोहता येतं, फक्त लांब नाही."

अजून दोन शंका. लेकीने आता रागानेल्लो म्हणून एक घळ शोधलीय, चिवीता गावाजवळ. व्हिडिओत माणसं अरुंद भिंतींमधून पाण्यातून चालतायत, फार भारी दिसतंय. ती कशी आहे? आणि आमची लायसन्सं भारतीय आहेत, गाडी मिळेल ना?

पायवाट:

गाडी मिळेल. पण निघण्याआधी आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, मूळ लायसन्सबरोबर तो लागतो. क्रेडिट कार्ड जो चालवणार त्याच्याच नावाचं हवं. आम्ही कार्ड बायकोचं आणि चालक मी, असा घोळ घातला. काउंटरवर पाऊण तास गेला आणि बायकोशी बोलणं त्याहून थोडं जास्त वेळ बंद राहिलं. स्कालेयाहून पापासिदेरोमार्गे मोर्मान्नोला जाणारा रस्ता वळणावळणांचा आहे, साबांना पुढे बसवा.

रागानेल्लोचं सांगतो. व्हिडिओ जुने असणार. २० ऑगस्ट २०१८ ला त्या घळीत अचानक लोंढा आला आणि १० माणसं गेली, त्यांत एक स्थानिक गाइडही होता. पाऊस वरच्या डोंगरात पडला होता. खाली घळीत असलेल्यांना तो कळायला वेळच मिळाला नाही. त्यानंतर घळीत उतरायला बंदी आली. "चला, मी नेतो" म्हणणारा कुणी भेटला तर हात जोडा. आता कळलं ना, मी त्या बुडालेल्या खडकाचं इतकं रामायण का लावलं?

चिवीता गाव मात्र चुकवू नका. पंधराव्या शतकात आल्बेनियातून आलेल्यांचे वंशज तिथे राहतात, आर्बरेश म्हणतात त्यांना. पाट्या दोन भाषांत. काही घरांना चेहरे आहेत: दोन खिडक्या म्हणजे डोळे, मध्ये धुराड्याचं नाक. वरून घळ आणि सैतानाचा पूल बघता येतो. लेकीला तेवढ्यावर भागवा.

डोंगर म्हणाल तर पोल्लीनो. इटलीतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान हे. इथे खरा गाइड मी तरी घेईन, एक दिवसापुरता. झेंडेवाली बाई नव्हे. "ग्विदा आंबिएंताले एस्कुर्सियोनिस्तिका" असा शिक्का असलेला, उद्यानाच्या यादीतला माणूस. दोर लावून उतरायचं असेल तर मात्र "ग्विदा अल्पीना"च लागतो, बाकीच्यांना ते करायची मुभा नाही. राफ्टिंगवाल्याला त्यांच्या महासंघाचं प्रमाणपत्र विचारा. विचारल्याने कुणी रागावत नाही. रागावला तर ते उत्तरच समजा.

कोल्ले इंपीझोहून वर चढलात की बीच नावाच्या झाडांचं जंगल लागतं, मग माळ, मग पीनो लोरिकातो. चिलखती पाइन. सालीचे तुकडे चिलखताच्या खवल्यांसारखे असतात म्हणून ते नाव. झाड मेल्यावरही पडत नाही. साल गळते, आतलं लाकूड चांदीसारखं पांढरं होतं आणि तसंच वर्षानुवर्षं वाऱ्यात उभं राहतं. इथल्या एका झाडाचं वय २०१८ मध्ये १२३० वर्षं ठरवलं. ते नेमकं कुठलं, हे आमच्या गाइडला विचारलं तर तो बूट बांधायला खाली वाकला तो बराच वेळ वाकूनच राहिला. कारण आहे त्याला. झी पेप्पे, म्हणजे पेप्पेकाका, नावाचं एक प्रसिद्ध झाड होतं, ते १९९३ मध्ये कुणीतरी पेटवून दिलं. त्याच्या सांगाड्यापाशी गाइड थांबला, टोपी काढली, काही बोलला नाही, पुढे चालू लागला.

सबंध चढ तुमच्या गुडघ्याला जड वाटला तर पियानो दि रुज्जोहून मालव्हेंतोच्या टोकापर्यंत जा. सोपी वाट आहे, चिलखती पाइन तिथेही दिसतात, साबा पुढे पळतील.

शेवटचे तीन दिवस दक्षिणेला. पापासिदेरोची रोमीतो गुहा मात्र उत्तरेत असतानाच करा, राफ्टिंगच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखत असताना. १९६१ मध्ये सापडली. दगडावर कोरलेला रानबैल आहे, सव्वा मीटरच्या आसपास. बारा हजार वर्षांपूर्वीची माणसं तिथे पुरलेली सापडली. त्यांत एक किशोरवयीन, जन्मतःच फार ठेंगणी, हात आखूड, शिकार जमणं अवघड. तरी सतराएक वर्षं जगली, म्हणजे कुणीतरी सांभाळली. बैल बघायला गेलो आणि त्या खड्ड्यापाशी जास्त वेळ उभा राहिलो.

दर्यावर्दी:

पायवाट, रागानेल्लोचं मला माहीत नव्हतं. माझं बोटीबद्दलचं मत कायम आहे, पण न पोहणाऱ्यांचं मान्य.

अबोली, दक्षिणेत दोन गोष्टी करा. शिल्लाला कियानालेआ म्हणून कोळीवाडा आहे, घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात. तलवार माशांच्या बोटी दिसल्या तर बघत राहाल: मधोमध वीसेक मीटरचा मनोरा, त्यावर सुकाणू धरून बसलेला माणूस, आणि पुढे तेवढीच लांब फळी, तिच्या टोकाशी भालावाला. दुसरं म्हणजे रेज्जोचं संग्रहालय. रियाचेचे दोन ब्राँझचे योद्धे, १९७२ मध्ये एका पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी सापडलेले. आत थोड्याथोड्या लोकांनाच सोडतात आणि त्याआधी हवा शुद्ध करणाऱ्या खोलीत तीन मिनिटं उभं करतात. तुमच्या नवऱ्याला सांगा, रांग आहे, पण छोटी.

त्रोपेयाहून संध्याकाळी बोटी स्ट्रॉम्बोलीला जातात, अंधारात ज्वालामुखीचे लाल फवारे समुद्रातूनच बघायचे. ही टूरच घ्या. बघा, मीसुद्धा टूर म्हणालो.

अबोली:

ठरलं. प्रायाला सहा रात्री, त्रोपेयाला तीन. राफ्टिंगचं बुकिंग दुसऱ्याच दिवसाचं केलंय, म्हणजे खडक बुडालेला असला तरी हातात चार दिवस उरतात. फॉर्ममध्ये "पोहता येतं का" असा रकाना होता. नवऱ्याने "थोडं" लिहिलं. मी खोडून "नाही" लिहिलं. लेकीने स्वतःचं वजन तीन किलोंनी कमी लिहिलं होतं, तेही दुरुस्त केलं.

साबांनी एकच विचारलंय: अळूवडी, ती पाकातली साल फुटू नये म्हणून नेमकी कशात बांधायची?

अळूवडी:

दोन झिप पिशव्या, मध्ये टॉवेल. आणि चेक-इन बॅगेत, हातातल्या नव्हे. पाक बघून सुरक्षा तपासणीत काढून घेतात. माझी दुसरी बाटली तिथेच राहिली.